‘आनंद’ : असाध्य आजार आणि सोबतीची रीत



आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत रोगांचे चार भेद सांगितलेले आहेत. काही रोग सहज बरे होतात, काही कष्टाने बरे होतात, काही औषधाच्या आधाराने केवळ आवरून धरता येतात, आणि काही मुळीच बरे होत नाहीत. या चौथ्या प्रकाराला चरकसंहितेने ‘प्रत्याख्येय’ असे नाव दिले आहे. ज्याला वैद्याने नकार द्यावयाचा तो रोग, असा त्याचा अर्थ. असाध्य रोगावर उपचार करू पाहणारा वैद्य आपले धन, विद्या आणि यश गमावून बसतो, असा इशाराही ग्रंथकाराने दिला आहे. या इशाऱ्यात निष्ठुरपणा पाहण्याचे कारण नाही. खोटी आशा दाखवून रुग्णाला लुबाडणाऱ्यांपासून समाजाचे रक्षण करणे, हाही त्याचा एक हेतू असू शकेल. परंतु त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो ग्रंथाच्या बाहेरचा आहे. वैद्याने नकार दिल्यानंतरही रुग्ण काही दिवस, काही महिने जगतच असतो. त्या दिवसांत त्याच्याजवळ कोणी बसावयाचे?

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ या हिंदी चित्रपटाचा विषय मृत्यू आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः त्याचा विषय हे मधले दिवस आहेत. १९७१ साली तो प्रदर्शित झाला. मुखर्जी यांची जडणघडण बिमल रॉय यांच्याजवळ झालेली. आरंभी ते चित्रपटांचे संकलन करीत. प्रसंग कोठे तोडावा आणि किती ताणावा याची जाण त्यांच्या दिग्दर्शनात शेवटपर्यंत राहिली. ‘आनंद’चे संवाद गुलजार यांचे, संगीत सलील चौधरी यांचे. चित्रपट मुंबई शहराला आणि राज कपूर यांना अर्पण केलेला आहे. राज कपूर मुखर्जींना प्रेमाने ‘बाबू मोशाय’ म्हणत. चित्रपटातील रुग्ण आपल्या डॉक्टरला याच नावाने हाक मारतो.

कथानक थोडक्यात असे आहे. भास्कर बॅनर्जी हा मुंबईतील कर्करोगतज्ज्ञ. तो गरिबांच्या वस्तीत जाऊन उपचार करतो आणि दररोज हताश होऊन परततो, कारण ज्यांना अन्नच नाही त्यांच्यापुढे औषधाची चिठ्ठी ठेवणे त्याला व्यर्थ वाटू लागले आहे. त्याचा मित्र प्रकाश कुलकर्णी याचे रुग्णालय चांगले चालते. श्रीमंतांच्या काल्पनिक आजारांवर निरुपद्रवी गोळ्या देऊन पैसा घेण्यात त्याला फारसा संकोच वाटत नाही, आणि त्याच पैशातून तो गरजूंनाही मदत करतो. या दोघांच्या आयुष्यात दिल्लीहून आनंद नावाचा तरुण येतो. त्याच्या आतड्याला लिम्फोसार्कोमा झालेला आहे आणि आयुष्य फार तर सहा महिन्यांचे उरले आहे. हे डॉक्टरांना ठाऊक आहे. विशेष म्हणजे ते आनंदलाही ठाऊक आहे. आजाराच्या भारदस्त नावाचीच तो थट्टा करतो. रुग्णालय सोडून तो भास्करच्या घरी राहावयास येतो, माणसे जोडत सुटतो आणि अखेर तेथेच त्याचा अंत होतो.

या चित्रपटाच्या रचनेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आनंद मरणार किंवा कसे, ही उत्कंठा प्रेक्षकाला कोठेही नाही. चित्रपटाचा आरंभच भास्करने आनंदवर लिहिलेल्या पुस्तकाच्या गौरवसमारंभाने होतो, म्हणजे रुग्ण गेल्यानंतरच्या काळात. शेवट आधीच सांगून टाकल्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष शेवटाकडून वाटेकडे वळते. तेथे त्याला असे आढळते की बदल होतो तो रुग्णात नव्हे, डॉक्टरात. आनंद आला तसाच जातो. भास्कर मात्र ज्याला बरे करता येत नाही त्याच्याजवळ थांबावयास शिकतो. आरंभी तो कर्तव्य म्हणून सत्य सांगणारा कोरडा माणूस आहे. अखेरीस मरणाऱ्या मित्रासाठी, स्वतःचा विश्वास नसतानाही, औषध शोधत धावणारा माणूस आहे. त्याच्या शास्त्राने नकार दिलेला आहे. त्याने दिलेला नाही.

दुसरी गोष्ट सोबतीची. आनंदजवळ जमलेली माणसे त्याच्या नात्यागोत्याची नाहीत. भास्कर बंगाली आहे; प्रकाश आणि त्याची पत्नी सुमन हे मराठी दांपत्य आहे; मेट्रन डिसा ख्रिस्ती आहेत; नाटकमंडळी चालवणारे इसाभाई मुसलमान आहेत. रस्त्यात दिसेल त्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून त्याला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारण्याचा आनंदचा खेळ प्रसिद्धच आहे. बहुतेक लोक त्यावर चिडतात. इसाभाई मात्र न चिडता त्याला दुसऱ्याच नावाने उलट हाक मारतात आणि ओळख नसलेल्या दोघांत क्षणात जुनी मैत्री निर्माण होते. हा विनोद वरवरचा नाही. परक्या गावात मरावयास आलेल्या माणसाला ओळखी नव्याने कराव्या लागतात आणि त्या करण्यास वेळ थोडा असतो. चित्रपट मुंबईला का अर्पण केला असावा, याचे एक उत्तर येथे मिळते. ते परक्यांचे शहर आहे.

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटात आपलेपणा वाटावा अशी आणखी एक बाब आहे. प्रकाश आणि सुमन यांच्या भूमिका रमेश देव आणि सीमा देव यांनी केल्या; प्रत्यक्ष जीवनातही ते पती-पत्नी होते. कोणाच्याही घरात सहज वावरणाऱ्या आनंदला ‘भाऊ’ म्हणून स्वीकारणारी सुमन सीमा देव यांनी अत्यंत संयमाने उभी केली. हिंदी पडद्यावर खाष्ट सासू म्हणून गाजलेल्या ललिता पवार येथे कडक शिस्तीच्या पण आतून मऊ अशा मेट्रन झाल्या आहेत. रमेश देव २०२२ साली आणि सीमा देव २०२३ साली निवर्तल्या. राजेश खन्ना यांचे निधन २०१२ साली झाले. मरणाविषयी बोलणारा हा चित्रपट आता त्यातील बहुतेक कलावंतांच्या स्मृतीचाही ठेवा झाला आहे.

तंजावरात या चित्रपटाविषयी बोलताना येथल्याच मातीतील एका चित्रपटाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘आनंद’च्या सहा वर्षे आधी, १९६५ साली, के. बालचंदर यांनी ‘नीर्कुमिळी’ हा तमिळ चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच. बालचंदर हे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील नन्निलमजवळचे. मद्रासला महालेखापालांच्या कचेरीत नोकरी करीत असताना ते नाटके लिहीत आणि बसवीत. हा चित्रपटही त्यांच्या त्याच नावाच्या नाटकावरून झाला. नावाचा अर्थ पाण्यावरचा बुडबुडा. त्याचे कथानक जवळजवळ पूर्णपणे एका रुग्णालयात घडते आणि मध्यभागी आहे तो अंत जवळ आलेला, पण सर्वांची चेष्टामस्करी करणारा एक रुग्ण. ही भूमिका नागेश यांना देण्यात आली. तमिळ प्रेक्षक त्यांना विनोदी नट म्हणूनच ओळखत असे. ज्याच्याकडे पाहताच हसावयाचे अशी सवय झालेली आहे, तोच मरणार आहे हे कळल्यावर प्रेक्षकाच्या हसण्याला जो चटका बसतो, त्यात या निवडीचे मर्म आहे. चित्रपटातील जीवनाच्या नश्वरतेवरील गीत सीर्काळी गोविंदराजन यांनी गाइले. तेही याच जुन्या जिल्ह्यातील सीर्काळी गावचे.

दोन भाषांतील दोन दिग्दर्शकांनी मरणाऱ्या माणसाला हसरा दाखवावा, याचे कारण आपल्या नाट्यपरंपरेत शोधता येईल. नाटकात नायकाचा मृत्यू रंगमंचावर दाखवू नये, असा संस्कृत नाट्यशास्त्राचा संकेत आहे. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद विरळा. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने जी मराठी नाटके झाली, तीही या संकेताला धरूनच होती. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी येथे शहाजी राजांनी मराठीत नाटके लिहिली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतील एकाचे नाव. कल्याण म्हणजे विवाह. विवाहाने आणि मंगलाशासनाने खेळ संपावयाचा. अशा परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकासमोर मृत्यू आणावयाचा तर त्याच्यासोबत काहीतरी मंगल आणणे भाग होते. बालचंदरांनी आणि मुखर्जींनी रुग्णाचा विनोद आणला. रुग्ण स्वतः जाता जाता इतरांची लग्ने जुळवतो, मने सांधतो. म्हणजे ‘कल्याण’ घडतेच, फक्त ते दुसऱ्यांचे.

तथापि तंजावरचा या विषयाशी असलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध रंगभूमीचा नाही. तो छत्रांचा आहे.

मराठ्यांचे राज्य येथे १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी स्थापिले. त्यांच्या वंशजांनी आणि राजस्त्रियांनी तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्रे, उभारली. काशी-रामेश्वरची यात्रा करणारे बहुधा उतारवयाचे. घरून निघताना निरोप घेऊनच निघालेले. वाटेत आजारी पडणे आणि परक्या मुलखात देह ठेवणे ही त्यांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट होती. दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर आले आणि पुढील वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा छत्रांचे उत्पन्न तुटू नये म्हणून राजांनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. छत्रांत काय चालते याचे तपशीलवार वर्णन त्यात आहे.

त्या वर्णनाचा सारांश असा. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातीपर्यंत सर्व वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांना शिजवलेला भात मिळे. जे शिजवलेले घेत नसत त्यांना शिधा मिळे. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले आणि मग घंटा वाजवून, अद्याप कोणी उपाशी असेल तर त्याने यावे, असे पुकारले जाई. प्रत्येक छत्राला शिक्षक आणि वैद्य जोडलेले असत. वाटसरू छत्रात किंवा वाटेत आजारी पडला तर त्याला औषध आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असे पथ्याचे अन्न देऊन, आदराने आणि ममतेने, तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. गरोदर स्त्रियांची आणि परक्यांच्या अनाथ मुलांची व्यवस्था होई. जो मरण पावे त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे केले जात.

सरफोजी राजांना वैद्यकाची आवड होती. त्यांच्या धन्वंतरी महालात निरनिराळ्या पद्धतींच्या औषधांचा अभ्यास होत असे आणि नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्राविषयी तर परंपरा असे सांगते की, राजांच्या प्रिय मुक्तांबाळ हिने मृत्यूच्या वेळी आपल्या नावे छत्र व्हावे अशी इच्छा व्यक्त केली आणि ती त्यांनी पुरी केली. मरणाऱ्याची शेवटची इच्छा अनोळखी वाटसरूंच्या पोटात भात होऊन गेली, असे या परंपरेचे तात्पर्य आहे.

१८०१ सालच्या त्या पत्रात बऱ्या होणाऱ्याच्या शुश्रूषेची तरतूद आहे आणि मृताच्या संस्कारांचीही आहे. या दोन टोकांच्या मध्ये जो माणूस असतो, म्हणजे जो बराही होत नाही आणि अजून मेलेलाही नाही, त्याच्या दिवसांचे वर्णन सरकारी पत्रात येणार नाही. ते दिवस छत्रातल्या वैद्याने, वाढप्याने, शेजारच्या ओसरीवरील वाटसरूने त्याच्याजवळ कसे काढले असतील, याची केवळ कल्पना करावयाची. ‘आनंद’ने पडद्यावर आणला तो हाच माणूस. भास्करचे घर हे एका अर्थाने छत्रच आहे. तेथे दूरवरून आलेला वाटसरू उतरला आहे आणि त्याचा पुढचा मुक्काम सर्वांना माहीत आहे.

एवढे म्हटल्यानंतर चित्रपट जेथे गप्प राहतो ती जागाही दाखवावयास हवी, नाहीतर हे विवेचन केवळ गौरव ठरेल. आनंदच्या आजारात वेदना फारशा दिसत नाहीत. उपचारांचा खर्च कोणाला येतो हे विचारले जात नाही. त्याच्यामागे रडणारे आईवडील नाहीत, पत्नी नाही, मुले नाहीत. जिच्यावर त्याचे प्रेम होते तिचे लग्न दुसरीकडे झाल्याचेही तो बऱ्याच उशिरा सांगतो. प्रत्यक्षातील रुग्णाजवळ मात्र या सर्व गोष्टी असतात. त्याला खरे सांगावे की नाही यावरून घरात कुजबुज चालते, दागिने मोडले जातात, आणि रात्री वेदनांनी तो झोपू शकत नाही. ज्याला हसता येत नाही असा रुग्ण ‘आनंद’ पाहून स्वतःला कमी लेखू लागला, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. मरणाऱ्याने आनंदी राहून इतरांचे सांत्वन करावे, असे कोणतेही ऋण त्याच्यावर नाही. मुखर्जींनाही ही उणीव जाणवली असावी असे म्हणता येते, कारण १९७५ साली ‘मिली’ या चित्रपटात ते याच विषयाकडे पुन्हा वळले, आणि त्या वेळी रुग्ण मुलीसोबत तिचे घर दाखवले. अशोककुमार यांनी रंगवलेला तिचा बाप हसत नाही. तो केवळ सोसतो.

वेदनेच्या बाबतीत शास्त्राने आणि समाजाने नंतरच्या काळात जी वाटचाल केली, तीही येथे सांगणे आवश्यक आहे. लिम्फोसार्कोमा हे नाव आता मागे पडले असून अशा आजारांना लिम्फोमा म्हणतात, आणि त्यांतील अनेक प्रकार आज औषधांनी बरे होऊ शकतात. आज आनंदसारखा तरुण डॉक्टरांकडे आला तर सहा महिन्यांचा निकाल इतक्या सहज दिला जाणार नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तंजावरच्या शेजारच्या पुदुक्कोट्टै येथील डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कर्करोगाने गेली. ते दुःख उराशी धरून त्यांनी केलेल्या खटपटीतून १९५४ साली मद्रासच्या अड्यार येथील कर्करोग संस्था उभी राहिली.

तरीही न बरे होणारे रुग्ण उरतातच. त्यांच्यासाठी लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर शुश्रूषागृह काढले. वेदना शमवणे, मनाला आधार देणे आणि कुटुंबाला सांभाळणे ही तिन्ही कामे वैद्यकाचीच आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ उभे राहिले. अशा प्रकारचे ते भारतातील पहिले. कोझिकोड येथे १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम रुग्णाच्या घरापर्यंत नेले आणि केरळात त्याला सामान्य स्वयंसेवकांचे बळ मिळाले. तमिळनाडू सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या घरपोच आरोग्यसेवेच्या योजनेतही या परिहारक शुश्रूषेचा समावेश आहे.

या मार्गात एक अडथळा कायद्याचा होता. तीव्र वेदनेवरचे जुने आणि स्वस्त औषध म्हणजे मॉर्फिन. ते अफूपासून होते आणि भारतात अफूची परवानाधारक शेती होते. परंतु अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या कायद्यातील परवान्यांची गुंतागुंत आणि शिक्षेची धास्ती यांमुळे अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. ज्या देशात ते औषध पिकते त्याच देशातील रुग्ण त्यावाचून तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठीची वाट सोपी झाली. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले, आणि बरे होण्याची आशा संपल्यावर आपल्यावर कोणते उपचार करू नयेत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा नागरिकांना दिली. २०२३ साली त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली.

कायदा, औषध आणि शुश्रूषागृह यांनी वेदना कमी होते. त्यानंतरही दुपारचे लांब तास उरतात, आणि ते कोणत्याही योजनेत मावत नाहीत. ‘आनंद’ या तासांचा चित्रपट आहे. त्याच्या अखेरच्या प्रसंगी भास्कर औषध आणावयास गेलेला असतो. परततो तेव्हा आनंद गेलेला असतो आणि ध्वनिफितीवर मागे राहिलेला त्याचा आवाज खोलीत घुमतो. प्रेक्षक तेथे रडतो, ते स्वाभाविकच आहे. पण रडून झाल्यावर त्याने आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी. आनंदजवळ त्या वेळी माणसे होती. भास्कर बाहेर गेला, तरी खोली रिकामी नव्हती.

आपल्या आळीत, आपल्या नात्यात आज ज्याला डॉक्टरांनी नकार दिलेला आहे, त्याच्या खोलीत दुपारी कोण बसते, हे विचारण्यासाठी चित्रपट पाहण्याची गरज नाही. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले आहे काय, असे पुकारणारी छत्रे याच मुलखात होती. कोणी एकटे राहिले आहे काय, असे पुकारणे त्याहून अवघड नाही. त्याला राजाची सनद लागत नाही आणि वैद्याची पदवीही लागत नाही. फक्त रोज थोडा वेळ लागतो, आणि न कंटाळता पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे लागते.